दोन भाषांचे देणे

आमच्या गोव्यात भाषेवरून किती भांडणे झाली, हे चाळिशी ओलांडलेल्या कुणाला सांगायला नको. मराठी की कोकणी, हा प्रश्नच चुकीचा होता की काय, असे मला हैदराबादचे एक संशोधन वाचून वाटू लागले आहे.

डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी तिथल्या निजाम्स इन्स्टिट्यूटमधल्या स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाला होता. हा शिक्षणाचा परिणाम म्हणावा, तर निरक्षरांतही फरक दिसला, आणि तो सहा वर्षांचा!

आजार टळतो असे नव्हे. पुढच्या सगळ्याच अभ्यासांनी याला दुजोरा दिला असेही नाही. पण संशोधकांचा तर्क पटण्यासारखा आहे. बोलताना एक भाषा निवडायची आणि दुसरी आवरायची, हा मेंदूचा रोजचा व्यायाम.

माझी आजी निरक्षर होती. चुलीपाशी कोकणी बोलायची, घाटावरून आलेल्या सुनेशी मराठी. कुठली आपली, हा प्रश्न तिला कधी पडला नाही. आज मात्र 'मुलाचा गोंधळ होईल' म्हणून घरातल्या दोन्ही भाषा बंद करून फक्त इंग्रजी बोलणारे आईबाप मी पाहतो. इंग्रजी शिकवाच. पण आजीने फुकट दिलेले हे देणे उंबऱ्याबाहेर टाकू नका.