रिकाम्या खुर्च्यांचा पुरावा

'मनीबॉल' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलाय. मॅनेजमेंटच्या लेक्चरला तर तो हमखास निघतो. खिशात पैसे कमी, पण आकडेमोडीच्या जोरावर श्रीमंत संघांना घाम फोडणारा ओकलंड ॲथलेटिक्स. 2002 चा सीझन, 103 मॅचेस जिंकलेल्या, त्यातल्या 20 सलग. बिली बीनच्या भूमिकेत ब्रॅड पिट. टाळ्या!

लेक्चरला न सांगितली जाणारी पुढची गोष्ट अशी की, तो संघ आता ओकलंडमध्ये नाही. (न्यूझीलंडचं ऑकलंड नव्हे, हे कॅलिफोर्नियातलं, सॅन फ्रान्सिस्कोच्या समोरच्या काठावरचं.) 26 सप्टेंबर 2024, गुरुवार, कामाचा दिवस, दुपारची मॅच. टेक्सास रेंजर्सविरुद्ध ॲथलेटिक्स 3-2 जिंकले आणि 1968 पासून जिथे ते खेळत होते, त्या कोलिझियम स्टेडियममधला त्यांचा मुक्काम संपला. लोक मैदानावरची माती घरी घेऊन गेले. मॅनेजर मार्क कॉट्से (बेसबॉलमध्ये कोचला मॅनेजर म्हणतात) माइक हातात घेऊन प्रेक्षकांशी बोलला आणि शेवटी त्यांच्यासोबत ओकलंडच्या नावाचा घोष केला.

त्या दुपारी स्टेडियममध्ये 46,889 लोक होते. आणि त्याच सीझनची सरासरी? साधारण अकरा हजार. अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात कमी.

संघ हलवणारे नेमकं याच सरासरीकडे बोट दाखवत होते. ओकलंडमध्ये लोक मॅच बघायला येतच नाहीत, मग आम्ही थांबायचं कशाला? वरवर पाहिलं तर पटतंही. पण 'लोक येत नाहीत' हे वाक्य कुणी म्हटलं की, तुम्ही लगेच मान डोलावू नका. आधी विचारा, लोक येऊ नयेत म्हणून काय काय केलं गेलं?

थोडं मागे जाऊ. 2018 आणि 2019, दोन्ही वर्षी या संघाने 162 पैकी 97 मॅचेस जिंकल्या. 2020 मध्ये तर आपल्या डिव्हिजनमध्ये ते पहिले आले. म्हणजे टीम चांगलीच होती. मग 2022 चा सीझन सुरू व्हायच्या तोंडावर मॅट ओल्सन, मॅट चॅपमन, ख्रिस बॅसिट, शॉन मनाया एकामागोमाग एक दुसऱ्या संघांना दिले गेले. बदल्यात आले ते बहुतेक स्वस्तातले, नवखे खेळाडू. त्याच सुमारास सीझन तिकिटांचे दर मात्र वाढवले गेले. खेळाडू कमी, पैसे जास्त, असा हा हिशेब. 2023 मध्ये व्हायचं तेच झालं: 50 विजय, 112 पराभव.

स्टेडियमची अवस्था तर विचारू नका. ड्रेसिंग रूमच्या बाजूला सांडपाणी तुंबायचं. पाहुण्या संघाच्या कॉमेंटरी बूथमध्ये पॉसम नावाचा मांजराएवढा प्राणी मुक्कामाला आला होता. तो बेसबॉल विश्वात इतका फेमस झाला की, काही खेळाडूंनाही तेवढी प्रसिद्धी नसेल.

संघाचा मालक जॉन फिशर हा 'गॅप' कपड्यांची कंपनी काढणाऱ्या घराण्यातला. म्हणजे इथे 'खिशात पैसे कमी' नव्हते. 'मनीबॉल'ची गोष्ट आपण काटकसरीची गोष्ट म्हणून इतकी डोक्यावर घेतली की, काटकसर आणि कंजुषी यांतला फरकच पुसला गेला, असं माझं स्पष्ट मत आहे. बीनने असलेल्या पैशांत जास्तीत जास्त मॅचेस जिंकायचा मार्ग शोधला. नंतरच्या काळात जिंकणं बाजूला पडलं, उरला फक्त कमी खर्च.

आणि अमेरिकन लीगची गंमत बघा. युरोपातल्या फुटबॉलमध्ये तळाला गेलात की खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलले जाता. इथे तसं काही नाही. 112 मॅचेस हरा, पुढच्या वर्षी त्याच लीगमध्ये, त्याच टीव्ही कराराचा वाटा घेऊन हजर! वर मोठ्या शहरांतल्या संघांच्या कमाईतला हिस्सा छोट्या संघांना देण्याचीही व्यवस्था आहे. हरण्याची किंमत मोजतात ती फक्त फॅन्स.

या फॅन्सनी काय केलं, हे खरं वाचण्यासारखं आहे. एप्रिल 2023 मध्ये संघ लास व्हेगासला नेण्याची योजना जाहीर झाली. साधा बहिष्कार टाकला असता, तर मालकाला हवं तेच मिळालं असतं, आणखी रिकाम्या खुर्च्या. म्हणून त्यांनी बहिष्कारच उलटा केला. 13 जून 2023 ला सगळ्यांनी ठरवून मॅचला यायचं! मंगळवार असूनही 27,759 लोक आले. अंगात 'सेल' लिहिलेले हिरवे टी-शर्ट. म्हणजे सवलतीतला सेल नव्हे, तर 'संघ विकून टाक' असं मालकाला सांगणारं क्रियापद. पाचव्या इनिंगमध्ये पहिला बॅटर खेळायला आला, तेव्हा अख्खं स्टेडियम एकदम गप्प उभं राहिलं. त्याची खेळी संपल्यावर एकच गलका. त्या वेळी लीगमध्ये सर्वांत भारी असलेल्या टॅम्पा बे रेजना त्या संध्याकाळी याच तळातल्या संघाने 2-1 हरवलं.

त्याच दिवशी नेवाडा राज्याच्या सिनेटने व्हेगासच्या नव्या स्टेडियमसाठी 38 कोटी डॉलरपर्यंतचा सरकारी पैसा मंजूर केला. दोनच दिवसांत गव्हर्नरची सहीसुद्धा झाली. लीगचे कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांची प्रतिक्रिया साधारण अशी होती की, एका रात्रीपुरती का होईना, जेमतेम सरासरीइतकी गर्दी दिसली, हे छान झालं. वाचताना चिडचिड होते ना? नोव्हेंबरमध्ये सगळ्या मालकांनी एकमताने स्थलांतराला हिरवा कंदील दिला.

मग आला 2024 चा शेवटचा सीझन. पहिल्या होम मॅचला शेकडो फॅन्स स्टेडियमपर्यंत आले, पण आत गेलेच नाहीत. पार्किंगमध्येच ढोल, झेंडे, घोषणा. आतमध्ये 13,522 ची नोंद झाली आणि संघ 8-0 हरला. या लोकांचं काय चुकलं, सांगा? आत गेलं तर तिकिटाचे पैसे मालकाला. नाही गेलं तर रिकामी खुर्ची पुरावा म्हणून पुन्हा मालकालाच. खेळाडू मात्र मनापासून खेळले. ब्रेंट रूकरने 39 होम रन मारले. 69 विजय, 93 पराभव, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा 19 विजय जास्त. जाणाऱ्या संघात पुन्हा जीव यायला लागला होता.

दुसरी बाजू नाही असं नाही. स्टेडियम खरंच जुनाट झालं होतं. बास्केटबॉलचा वॉरियर्स संघ 2019 मध्ये खाडी ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला गेला, फुटबॉलचा रेडर्स 2020 मध्ये व्हेगासला. बंदराजवळ नवं स्टेडियम बांधण्याची बोलणी शहरासोबत वर्षानुवर्षं चालली आणि फिसकटली. ओकलंडने खिसा आणखी सैल करायला हवा होता, असं म्हणणारे भेटतात. मला नाही पटत. अब्जाधीशाला स्टेडियम बांधून द्यायला शहराने नाही म्हटलं, तर तो शहराचा नाकर्तेपणा कसा?

तुम्ही म्हणाल, बेसबॉलचं आपल्याला काय? पुणेकरांना विचारा. 2011 ला आयपीएलमध्ये पुणे वॉरियर्स आली, 2013 ला गेली. मग दोन वर्षांपुरती रायझिंग पुणे सुपरजायंट. 2017 ची फायनल मुंबईविरुद्ध एका धावेने हरली आणि संघच संपला. ज्यांनी जांभळे टी-शर्ट घेतले, त्यांनी पुढच्या वर्षी कुणाला चीअर करायचं, हे कुणी विचारलं नाही. आणि 'येत नाहीत'चा हिशेब तर आपल्याला अजून जवळचा. मराठी सिनेमाला सकाळचा अडनिडा शो द्यायचा, आठवड्याने 'प्रेक्षक नाही' म्हणून काढायचा. एसटीची फेरी रोज उशिरा सोडायची, मग 'प्रवासी नाहीत' म्हणून बंद करायची. कॉलेजच्या लायब्ररीची वेळ कमी करून 'मुलं वाचत नाहीत' म्हणणारेही तुम्हाला भेटले असतील.

ॲथलेटिक्स सध्या वेस्ट सॅक्रामेंटोमध्ये खेळतात, जेमतेम चौदा हजार क्षमतेच्या, दुय्यम लीगच्या मैदानावर. 2025 मध्ये तिथल्या पहिल्याच मॅचला शिकागो कब्जने त्यांना 18-3 असं धुतलं. गर्दी कमी म्हणून शहर सोडलेला संघ ठरवून त्याहून छोट्या स्टेडियममध्ये गेला, हा विनोद कुणालाच सुचला नसता. 2028 मध्ये व्हेगासला जायचं ठरलंय, तोवर नावात कुठलंच शहर नाही, नुसतं 'ॲथलेटिक्स'. जर्सीच्या एका बाहीवर सॅक्रामेंटोचा पूल आहे आणि दुसऱ्या बाहीवर लास व्हेगासची जाहिरात.

इकडे ओकलंडमध्ये 2024 च्या उन्हाळ्यात 'बॉलर्स' नावाचा नवा, छोट्या लीगचा संघ सुरू झाला. एका जुन्या सार्वजनिक पार्कात मैदान तयार करून घेतलंय. या संघात सामान्य फॅन्सनी पैसे गुंतवून छोटे-छोटे हिस्से घेतलेत. 2025 मध्ये त्यांनी आपल्या लीगचं विजेतेपदही पटकावलं.