घाटाखालचा समुद्र आणि आपण

दोस्तांनो, परवा चौथीच्या वर्गात मी विचारलं, "समुद्र कुणी कुणी पाहिलाय?" छत्तीसपैकी अकरा हात वर आले. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, समुद्र तर घाटाखाली. आपलं काय काम त्याच्याशी?"

प्रश्न चोख होता. ताथवड्यापासून समुद्र शंभरेक किलोमीटर लांब, मध्ये सह्याद्री आडवा. मी उत्तर दिलंच नाही. दोन थाळ्या मागवल्या. एकीत माती, दुसरीत पाणी घालून उन्हात ठेवल्या. तासाभराने मुलांनी बोटं लावून पाहिली. माती चटका देत होती, पाणी नुसतं कोमट! तुम्हीही करून पाहा.

उन्हाळ्यात हेच मोठ्या प्रमाणावर होतं. जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरचे ओले वारे धावत येतात. सह्याद्री चढताना ते गार होतात आणि पाऊस ओतून मोकळे होतात. म्हणून लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तर पुण्याला जेमतेम सातशे. पवना धरण डोंगराच्या कुशीत बांधलंय ते उगीच नाही. आपल्या नळाला येतं ते अरबी समुद्राचंच पाणी, फक्त मीठ मागे ठेवून आलेलं.

आणि ते परत कुठे जातं? पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. पश्चिमेच्या समुद्राकडून घेतलेलं पूर्वेच्या समुद्राला! (नकाशात बोट फिरवून पाहा.)

आता आपला हायवे. लांबलचक ट्रेलरवर रंगीत पत्र्याच्या पेट्या जातात ना? ते कंटेनर. कुणी वीस फुटी, कुणी चाळीस. चाकण-भोसरीचा माल भरून ते न्हावा शेवाला, म्हणजे १९८९ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदरात जातात. तिथे क्रेन अख्खी पेटीच उचलून जहाजावर ठेवते.

यावरून मला माझी एक जुनी विद्यार्थिनी आठवली. २०२४ च्या जानेवारीत ती म्हणाली, "बाई, माझी सायकल लांबली. लाल समुद्रात भांडण चाललंय म्हणून पप्पांचा ओव्हरटाइम बंद झाला." मी हसणार होते, पण तिचा चेहरा पाहून थांबले. तिचे वडील एका छोट्या वर्कशॉपमध्ये युरोपला जाणारे सुटे भाग बनवायचे. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधले हुथी बंडखोर लाल समुद्रातल्या जहाजांवर हल्ले करत होते. म्हणून पुष्कळ जहाजं सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. दहा-बारा दिवस जास्त, भाडंही जास्त. माल रखडला आणि वर्कशॉपमधलं काम मंदावलं. पोरीचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. त्या दिवशी नकाशासमोर मीच विद्यार्थी झाले.

ही गडबड पाहून सोमाली चाचेही पुन्हा सोकावले. 'रुएन' नावाचं मालवाहू जहाज त्यांनी पळवलं होतं. आपल्या नौदलाच्या 'आयएनएस कोलकाता'ने त्याला गाठलं, कमांडो विमानातून पॅराशूटने समुद्रात उतरले. सुमारे चाळीस तासांनी, १६ मार्च २०२४ ला, पस्तीस चाचे शरण आले आणि जहाजावरचे सतराही खलाशी सुखरूप सुटले. व्यापार हवा तर समुद्रावर पहारा हवा. १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी करणाऱ्या शिवाजी महाराजांनी हे केव्हाच ओळखलं होतं.

त्यांच्याच नावाचं 'आयएनएस शिवाजी' आपल्याजवळ, लोणावळ्याच्या डोंगरात आहे. १९४५ पासून तिथे युद्धनौकांची इंजिनं सांभाळायचं शिक्षण मिळतं. नौदलाच्या जमिनीवरच्या तळांनाही जहाजासारखीच नावं देतात. हे ऐकून मागच्या बाकावरचा म्हणाला, "बाई, मग ते जहाज बुडायची भीतीच नाही!"

सायकलचं काय झालं? आली, पण पुढच्या जूनमध्ये.

या रविवारी मोठ्या माणसाचा हात धरून हायवेच्या कडेला, सुरक्षित जागी, दहा मिनिटं उभे राहा. मुंबईकडे किती कंटेनर जातात, पुण्याकडे किती येतात, ते मोजा आणि मला कळवा.