सोळा पैशांचा आवाज

माझ्या आजोळी देवळाच्या शिखराला एक भोंगा बांधलेला असे. खाली पत्र्याच्या कपाटात त्याचा अ‍ॅम्प्लिफायर, जेमतेम तीस वॅटचा. पहाटे काकडा सुरू झाला की ओढ्यापलीकडच्या मळ्यात झोपलेला माणूसही कुशीवर वळायचा. आणि इथे पुण्यात, बारा बाय पंधराच्या दिवाणखान्यात, जवळजवळ तेवढ्याच वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरवर माझे स्पीकर घसा बसल्यासारखे बोलत होते. हे कोडं सोडवायला मला दोन वर्षं आणि एक जळका ट्वीटर लागला. तेच आज सांगतो.

स्पीकर मामाने दिलेले. तो बोटीवर होता, तिकडून आणलेली ही जोडी त्याने तीस वर्षं जपली आणि फ्लॅट बदलताना माझ्या हवाली केली. पुस्तकांच्या कपाटात मावतील एवढ्या पेट्या, पण गाणाऱ्याचा आवाज इतका खरा की आपण नकळत सावरून बसतो. खोट एकच. सेन्सिटिव्हिटी ८४ डेसिबल. म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवर ८४ डेसिबल आवाज. ऐकायला हा आकडा काही वाईट वाटत नाही, नाही का? मलाही वाटला नव्हता.

पण जरा हिशोब करून बघा. ८४ डेसिबलचा स्पीकर त्याला दिलेल्या विजेपैकी साधारण ०.१६ टक्के एवढाच भाग आवाजात बदलतो. शंभर रुपये द्या, सोळा पैशांचा आवाज मिळेल. उरलेले नव्व्याण्णव रुपये चौऱ्याऐंशी पैसे स्पीकरच्या आतल्या तारेच्या वेटोळ्यात उष्णता होऊन जातात. देवळावरचा भोंगा सहज शंभर डेसिबलच्या वर जातो, कारण त्याचा कर्णा हवेला नीट धरतो. शिवाय तो सगळा आवाज एका दिशेला फेकतो. म्हणून तीस वॅटमध्ये अख्खं गाव जागं.

मग असे मठ्ठ स्पीकर कोणी बनवतं तरी कशाला? मूर्खपणाने नाही. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तीन गोष्टी एकत्र मिळत नाहीत. दोन निवडा, तिसरी सोडा. याला त्या धंद्यात हॉफमनचा नियम म्हणतात. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चरने हवाबंद पेटीचा एआर-१ आणला, तेव्हा त्याने हाच सौदा केला होता. कपाटाएवढ्या पेटीचा खर्ज छोट्या पेटीत बसवला आणि त्याची किंमत वॅटमध्ये मोजली. दोन-तीन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा सौदा वाईट नाही. फक्त वॅटचं बिल आपल्याला भरायचं आहे हे आधी माहीत हवं.

मला ते माहीत नव्हतं. मी एक गोंडस अ‍ॅम्प्लिफायर घेतला, वीस वॅटचा. बाबा रोज संध्याकाळी तासभर गाणं ऐकतात. वय ७९, कान थोडे मंद झालेत. एका संध्याकाळी द्रुत सुरू झाली आणि बाबा म्हणाले, "अरे, जरा वाढव ना." वाढवलं. पुन्हा वाढवलं. आवाज मोठा झाला, पण तबला चिरका झाला, तानांना कडा आल्या. मला वाटलं रेकॉर्डिंगच जुनं आहे. पंधरा मिनिटांनी उजवा ट्वीटर गेला.

गंमत बघा, इथे बहुतेकांची समजूत उलटी असते. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरने स्पीकर जळतो, लहान सुरक्षित, असं आपण धरून चालतो. लहान अ‍ॅम्प्लिफायरची ताकद संपली की तो लाटेचे शेंडे छाटतो. पूर्ण छाटलेल्या लाटेत मूळ गोल लाटेच्या दुप्पट शक्ती असू शकते, आणि शेंडे छाटल्याने जे कर्कश अंश तयार होतात ते थेट नाजूक ट्वीटरकडे जातात. त्यात आपण आवाज वाढवतच असतो. वीस वॅटने माझा ट्वीटर खाल्ला. बदली ट्वीटर मिळायला चार महिने गेले आणि ते चार महिने बाबा मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरवर भीमपलास ऐकत होते. ते बघवत नव्हतं.

तर मुद्दा. हाताशी पैसे कमी आणि घरी मठ्ठ स्पीकर असतील तर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दुसरं काहीही विकत घेऊ नका, स्वच्छ वॅट घ्या. जाड अ‍ॅल्युमिनियमचं तोंड, लाकडी बाजू, निळा दिवा, रिमोटवरचे चाळीस बटणं, या सगळ्याचे पैसे वॅटमधून कापले जातात. पण त्याआधी आपल्याला किती वॅट लागतात ते मोजा. माझा आक्षेप इथेच आहे. लोक एकतर "वॅटला काय करायचंय, सूर महत्त्वाचा" म्हणतात, नाहीतर "दोनशेच्या खाली बघूच नका" म्हणतात. मोजत कोणीच नाही.

मोजणं अवघड नाही. मी तपकीर गल्लीतून साधा मल्टिमीटर आणला. नेहमीचं गाणं लावून आवाज आपल्याला जास्तीत जास्त हवा तेवढा केला आणि बटणाला मग हात लावला नाही. मग त्याच ठिकाणाहून १०० हर्ट्झचा, पूर्ण पातळीपेक्षा २० डेसिबल खाली असलेला सूर वाजवला (असे सूर फुकट मिळतात) आणि स्पीकरच्या टोकांवर एसी व्होल्ट मोजले. आले १.७. वीस डेसिबल म्हणजे व्होल्टची दहापट, म्हणून गाण्याचा सर्वात वरचा टोला मागेल १७ व्होल्ट. सतराचा वर्ग भागिले ८ ओहम, साधारण ३६ वॅट. बस.

कागदावरही हेच येतं. तीन मीटरवर बसलं की अंतराने आवाज घटतो, दुसरा स्पीकर आणि भिंती थोडा परत देतात, म्हणून दोन्हीकडे एकेक वॅट दिला की खुर्चीपाशी सुमारे ८० डेसिबल. आम्ही ऐकतो सरासरी ७५ वर. त्याला लागतो एक तृतीयांश वॅट! पण शास्त्रीय संगीतात तानपुऱ्याची कुजबुज आणि तबल्याची थाप यांत मोठी दरी असते. वर २० डेसिबलची जागा ठेवायची तर ३२ वॅट. हेच स्पीकर ९० डेसिबलचे असते तर आठ वॅटमध्ये भागलं असतं. आणि कोणाला सरासरी ८५ वर ऐकायचं असेल तर तीनशेच्या वर लागतील. त्या माणसाने अ‍ॅम्प्लिफायर नाही, स्पीकर बदलावेत.

मी हिशोबाची दुप्पट धरली, ६० ते ८० वॅट. कारण "८ ओहम" हा स्पीकरचा शाळेच्या दाखल्यावरचा आकडा असतो. प्रत्यक्षात काही सुरांना तो चारपर्यंत, कधी त्याखालीही उतरतो, आणि तेव्हा अ‍ॅम्प्लिफायरकडे करंट लागतो. म्हणून ४ ओहमचा आकडा विचारा. तो ८ ओहमच्या आकड्यापेक्षा बराच मोठा असेल तर आतला पॉवर सप्लाय दमदार आहे. १९७८ साली आलेला एनएडी ३०२० कागदावर फक्त २० वॅटचा होता, पण क्षणभरासाठी त्याच्या दुप्पट द्यायचा आणि कमी ओहमला डगमगायचा नाही. त्याचं नाव आजही निघतं ते त्यामुळेच.

आणि ६० ऐवजी ७० साठी जीव टाकू नका. वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला "दुप्पट मोठा" वाटायला दहापट वॅट लागतात.

दुकानातला अनुभव तर विचारू नका. विक्रेता म्हणाला, "सर, हा बघा, बटण एवढंसंच फिरवलं तर केवढा आवाज!" तो गुण बटणाच्या रचनेचा, ताकदीचा नाही. नऊ वाजता ओरडणारा अ‍ॅम्प्लिफायर दहा वाजता दमलेला असू शकतो. आपली पिढी तर टेपरेकॉर्डरवरच्या "१००० वॅट पीएमपीओ"च्या स्टिकरवर वाढलेली. फसवणूक आजही आहे, फक्त सभ्य झाली आहे. थिएटर रिसिव्हरवर "१०० वॅट" लिहितात, खाली बारीक अक्षरात ६ ओहम, एकच चॅनल, एकच सूर. आपल्याला हवा तो आकडा असा: दोन्ही चॅनल एकदम, ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ.

हल्लीच्या तळहाताएवढ्या क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायरना मी नावं ठेवणार नाही. कमी पैशात वॅट हवेत तर तोच सरळ रस्ता आहे. फक्त अ‍ॅडॅप्टर बघा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए३२५५ चिपच्या माहितीपत्रकात ३१५ वॅट लिहिलेत, पण ४ ओहमला, १० टक्के बिघाडासकट आणि पन्नासेक व्होल्टवर. डबीवर "३०० वॅट" आणि सोबत २४ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर असेल तर ८ ओहमला ३६ वॅटच्या वर स्वच्छ आवाज गणितातच बसत नाही. ४८ व्होल्टला हीच मर्यादा १४४ होते. म्हणजे डबीपेक्षा अ‍ॅडॅप्टरवर दोन पैसे जास्त घाला.

ट्यूबवाल्यांनी रागावू नये :-) आठ वॅटचा मंद उजेड मलाही आवडतो. रात्री हळू ऐकणाऱ्याला तो पुरेलही. पण ८४ डेसिबलच्या स्पीकरवर द्रुत ऐकायची असेल तर ते एक्क्याला घाट चढवायला लावणं आहे.

माझं बजेट वीस हजार. शेवटी घेतला एक जुना, ७० वॅटचा साधा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर, दिसायला सरकारी कचेरीतल्या कपाटासारखा. तो २३० व्होल्टचाच आहे याची आधी खात्री केली (परदेशातून आलेले ११० चे निघतात आणि मग ट्रान्सफॉर्मरचा खर्च वेगळा). कारागिराकडून आतले वाळलेले कपॅसिटर बदलून घेतले, रिले साफ केला. सगळं धरून एकोणीस हजार आठशे.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप करण्यापेक्षा स्पीकरच बदलायचे. खरं आहे. तुमच्या स्पीकरमध्ये जीव अडकलेला नसेल आणि घरात मोठ्या पेट्यांना जागा असेल तर तेच करा. तीन डेसिबलने जास्त सेन्सिटिव्ह स्पीकर म्हणजे अर्धा अ‍ॅम्प्लिफायर फुकट. माझ्याकडे जागाही नव्हती आणि मामाची जोडी विकायची छातीही नव्हती.

परवा संध्याकाळी तीच द्रुत लावली. बटण जिथे होतं तिथेच. मी सवयीने विचारलं, "बाबा, वाढवू का?"

"नको," ते म्हणाले. "आता शब्द कळताहेत."

मंद कानांना मोठा आवाज हवा असतो असं मी इतके दिवस धरून चाललो होतो. असो. सोळा पैसे तर सोळा पैसे, पण ते खणखणीत हवेत.