फलक नसलेले अवशेष

मराठी प्रवासवर्णनांतील भग्नावशेष बहुधा एकाच साच्याचे असतात. पडकी तटबंदी, हात तुटलेली मूर्ती, कलती उन्हे आणि लेखकाचा एक उसासा. गतवैभवाविषयीच्या या उसाशात गैर काही नाही. मात्र तो फार स्वस्त असतो, असे आमचे मत आहे. ज्या दुःखाचा वारसदार समोर उभा नाही, त्याविषयी हळहळण्यास काही मोल द्यावे लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत फिरलो, तेव्हा हे मत पक्के झाले.

देगलूर तालुक्यातील होट्टलची मंदिरे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील. शैली कोणती, असे विचारले की उत्तर ठरलेले: हेमाडपंती. हेमाद्री हा १३व्या शतकातील यादवांचा मंत्री. ही मंदिरे त्याच्या आधीची. तरीही मराठवाड्यात जुने दगडी देऊळ दिसले, की ते हेमाडपंती ठरते. हे सोयीचे नाव गावकऱ्यांइतकेच लिहिणाऱ्यांनीही पोसले आहे. त्याखाली झाकले जाते ते असे, की या भूमीवरील सत्तेची राजधानी कधी मान्यखेट होती, कधी कल्याणी. आणि इथल्या अनेक शिलालेखांची भाषा कन्नड आहे. कंधारचा भुईकोट किल्ला राष्ट्रकूटांच्या परंपरेतला, आणि तेथे सापडलेला शिलालेख संस्कृत. म्हणजे आपल्या अवशेषांचे वाचन एका भाषेत पुरे होत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे ठाऊक नसावे, ही उणीव लहान नव्हे.

कंधार, मुखेड भागातील बालाघाटाच्या डोंगररांगांत वाड्या आणि तांडे विखुरलेले आहेत. ऊसतोडीचा हंगाम सुरू होत होता. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन कारखान्यांकडे निघून गेली होती. घरांना कुलपे, ओसरीवर म्हातारी माणसे आणि मागे ठेवलेली नातवंडे. भिंती शाबूत होत्या, तरी गाव वर्षातील काही महिने ओस पडते. या ओस पडण्याला आपण अवशेष म्हणत नाही. तेथे थांबून छायाचित्रही घेत नाही.

लातूर जिल्ह्याचा औसा तालुका या दृष्टीने विलक्षण आहे. याच तालुक्यात खरोशाची लेणी आहेत, जांभ्या दगडात खोदलेली. हा दगड ठिसूळ. शिल्पांचे चेहरे झिजून गेले आहेत. आणि याच तालुक्यात किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतरच्या काही तासांत भूकंप झाला आणि लातूर-धाराशिव परिसरात सुमारे १० हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे वजन, म्हणजे उन्हाळ्यात ज्यांनी सावली दिली तेच, अंगावर कोसळले. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. कुटुंबाच्या जमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. रुंद, सरळ रस्ते आखले गेले. घरे भूकंपाला टिकतील अशी झाली. मात्र बोळ, ओसरी आणि चावडीचा पार यांनी बांधलेला शेजार आराखड्यात मावला नाही.

जुन्या गावठाणात झुडपांतून दगडांचे चौथरे दिसत होते. एका वृद्ध गृहस्थांनी आमच्या मुलीला सांगितले, "लेकरा, हितं आमची बोळ होती. ह्या बाजूला चुलत्याचं घर." तिने आम्हाला विचारले, की खरोशाला जशी माहिती वाचायला मिळते, तशी इथे का नाही? प्रश्न सरळ होता आणि त्याचे उत्तरही सरळ आहे. अवशेष म्हणवून घेण्यासाठी आपल्याकडे माणसे विसरली जावी लागतात. जोवर कोणी आपला उंबरठा बोटाने दाखवू शकतो, तोवर ती जागा आपल्या लेखी निव्वळ पडझड असते.

खरे तर उलट व्हायला हवे. खरोशाच्या शिल्पकाराला आपण काही विचारू शकत नाही. किल्लारीच्या माणसाला विचारू शकतो. भूकंपाच्या वेळी दहा वर्षांची असलेली मुले आज चाळिशी ओलांडून गेली आहेत, आणि त्या वेळच्या प्रौढांपैकी बरेच जण आता उरलेले नाहीत. भूकंपानंतर वर्षभरात, १९९४ साली, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. लातूर त्याच्याच कक्षेत येते. तेथील मराठीच्या अध्यापकांना आमची विनंती आहे: सहलीवर निबंध लिहून घेताना एका जुन्या गावठाणाचा नकाशा, तेथे राहिलेल्या माणसाच्या तोंडून आणि त्याच्याच बोलीत, लिहून आणण्यास सांगावे. कोणते घर कोणाचे, पाणी कुठून येई, कोणत्या वस्तीला कोणत्या वाटेने जाता येत नसे. शेवटचा प्रश्न विशेष आग्रहाने विचारावा, कारण स्मरणरंजनात तोच सर्वांत आधी गळतो.