पावडर कुणाची, हिशेब कुणाच्या नावावर?

दुधात विष, धान्यात विष अशी ओरड शहरात सुरू झाली की बोट शेतकऱ्याकडे दाखवायचे, अशी रीतच पडली आहे. शेतकऱ्याने लोभापायी औषधे मारली आणि समाजाच्या ताटात विष कालवले, असा त्या ओरडीचा अर्थ. हा आरोप आम्हाला मान्य नाही. पण आरोप खोटा म्हणून विषही खोटे, असे समजून आपण गप्प बसलो तर नुकसान आपलेच आहे. शहराच्या ताटात पोहोचण्याआधी हे विष आपल्याच ताटात वाढले जाते.

कोणते विष? डीडीटी, बीएचसी, आल्ड्रिन, एंडोसल्फान. ही सगळी क्लोरीनच्या घराण्यातली औषधे. इतर बरीच औषधे ऊन-पावसाने काही दिवसांत, काही आठवड्यांत विरतात. डीडीटी, बीएचसी मात्र मातीत वर्षानुवर्षे टिकतात. पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत मुरतात. कडब्यावरून आणि ढेपेतून ती म्हशीच्या पोटात जातात, तिथून चरबीत, दुधात आणि लोण्या-तुपात. वरच्या प्रत्येक पायरीवर साठा वाढत जातो. डीडीटीमुळे परदेशात ससाण्यांच्या अंड्यांची कवचे इतकी पातळ झाली की अंडी उबवतानाच फुटू लागली. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८७ ते १९९० या काळात सारस पक्षी मेले. तपासात भोवतालच्या शेतांत पेरणीच्या वेळी वापरलेले आल्ड्रिन निघाले.

आता माणसाचे बघू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १२ राज्यांतून दुधाचे २,२०५ नमुने तपासले. १९९३ सालच्या त्या अहवालात १०० पैकी ८२ नमुन्यांत डीडीटी सापडले आणि ३७ नमुन्यांत ते ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होते. यात पहिला नंबर कुणाचा? आपल्या महाराष्ट्राचा. इथले १०० पैकी ७४ नमुने मर्यादेबाहेर गेले. हे दूध फक्त मुंबई-पुण्याची पोरे पीत नव्हती. आपल्या अंगणातली पोरेही तेच पीत होती.

हे दुधात आले कुठून? डीडीटी शेतकऱ्याने शोधले नाही आणि शेतकऱ्याने बनवलेही नाही. १९५४ साली केंद्र सरकारने स्वतःची कंपनी काढून डीडीटीचे कारखाने उभे केले. हिवतापाच्या मोहिमेत घराघराच्या भिंतींवर ते मारले गेले. त्याने लाखो जीव वाचले, हे आम्ही नाकारत नाही. पण अमेरिकेने १९७२ साली डीडीटीवर बंदी घातली आणि आपल्याकडे शेतीतला वापर बंद व्हायला १९८९ साल उजाडले.

बीएचसीची गोष्ट तर त्याहून कडू. संकरित ज्वारी आली, तिच्यामागे कीड आली आणि किडीमागे पांढऱ्या भुकटीची शिफारस आली. धुरळणीचे कोष्टक सरकारी, पीक संरक्षणाचे अनुदान सरकारी. त्या १० टक्के भुकटीचे गणित आपल्याला कुणी समजावले नाही. १०० किलो भुकटीत बीएचसी १० किलो. त्यातला कीड मारणारा गॅमा नावाचा भाग जेमतेम एक-दीड किलो. उरलेले साडेआठ-नऊ किलो किडीला जवळजवळ निरुपयोगी, पण माती आणि शरीर न सोडणारे. म्हणजे आपण पैसे मोजले दहा किलोचे, काम झाले दीड किलोचे, आणि बाकीचे दावणीत राहिले. जपानने हा माल १९७१ सालीच बंद केला. आपल्याकडे बंदी आली १ एप्रिल १९९७ रोजी. मधल्या २६ वर्षांचा हिशेब कुणाच्या नावावर मांडायचा? धुरळणाऱ्याच्या, की शिफारस लिहिणाऱ्याच्या?

केरळात कासरगोडच्या काजूबागांवर वीस वर्षांहून अधिक काळ हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले. तिथे फवारणारा शेतकरी नव्हता, सरकारी महामंडळ होते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली एंडोसल्फान देशभर थांबवले आणि २०१७ साली पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. म्हणजे भरपाई मागता येते आणि मिळवताही येते.

आणखी एक तुलना करा. २००३ साली दिल्लीच्या एका संस्थेने बाटलीबंद थंड पेयांत लिंडेन आणि डीडीटी दाखवून दिले. लगेच संसदेची संयुक्त समिती बसली आणि सहा महिन्यांत तिचा अहवाल आला. १९९३ च्या दुधाच्या अहवालावर अशी समिती बसली नाही. शहराच्या बाटलीला जी किंमत, ती आपल्या पोरांच्या वाटीतल्या दुधाला नाही.

बंदी आली म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. जुन्या विषांच्या जागी जी नवी औषधे दुकानात आली, त्यांतली कित्येक मातीत कमी टिकतात, पण फवारणाऱ्यालाच आधी पाडतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. म्हणून नुसते एक औषध काढून दुसरे हातात देणे याला आम्ही उपाय म्हणत नाही.

जिल्हा बैठकीत पुढील ठराव व्हावेत, असे आमचे म्हणणे आहे. पहिला : प्रत्येक तालुक्यातले दूध, ढेप आणि विहिरीचे पाणी सरकारने स्वतःच्या खर्चाने तपासावे आणि निकाल मराठीत ग्रामसभेत वाचून दाखवावा. दुसरा : गावोगाव पडलेली जुनी बंदी घातलेली भुकटी सरकारने उचलून न्यावी. तिसरा : मर्यादेबाहेरचा अंश सापडला तर शेतकऱ्याचा माल नाकारून हात झटकू नयेत, ज्याने शिफारस केली आणि ज्याने विकले, त्यांच्याकडून भरपाई घ्यावी.

तोवर एवढे आपल्या हातात आहे. आढ्यावर, गोठ्यात जुनी पुडी सापडली तर ती कणगीत टाकू नका, गोचिडासाठी जनावराला चोळू नका, जाळू नका, नाल्यात फेकू नका. पोरांच्या हाताला लागणार नाही अशी बांधून ठेवा आणि कृषी कार्यालयाला लेखी कळवा. पोच घ्यायला विसरू नका. अंगावरच्या लेकरांच्या मायबहिणींनी मात्र घाबरून दूध तोडू नये. बाळाला आईच्या दुधासारखे दुसरे काही नाही.

शेतमालाचा भाव मागताना आपण हिशेब मागायला शिकलो. हाही हिशेबच आहे. तो मागायला उभे राहू या.