उजेड कमी करा, साहेब!

भरपूर उजेड पाडला की सगळे स्वच्छ दिसते, यावर आमच्या साहेबांची अढळ श्रद्धा आहे. माझा या श्रद्धेला सक्त विरोध आहे आणि तो मी आज लेखी नोंदवतो. तोंडी नोंदवला तर गोपनीय अहवाल खराब होतो.

प्रकरण असे. नोव्हेंबर उजाडला की पेन्शनर मंडळी आपण अजून हयात असल्याचे सिद्ध करायला काउंटरवर येतात. २०२१ पासून हे काम घरबसल्या मोबाईलला चेहरा दाखवूनही होते. ते कसे करायचे, याची चित्रफीत शाखेतच काढावी असे साहेबांनी ठरवले. मी बी. कॉम. असून फोटोग्राफी कधी शिकलेलो नाही, एवढ्या पात्रतेवर काम माझ्याकडे आले.

साहेबांनी सगळ्या ट्यूबलाइट लावल्या. वर मंडपवाल्याकडून हॅलोजन आणवला. टेबलावर मोबाईल, त्यावर एका पेन्शनर काकांचे बोट. चित्रफीत पाहतो तर बोट झकास, पण स्क्रीनच्या जागी काळी पाटी! तीत ट्यूबलाइट, हॅलोजन, पंखा आणि साहेबांचा पांढरा शर्ट. "उजेड कमी पडला," साहेब म्हणाले. तेवढ्यात शिपायाने वैतागून सगळेच दिवे मालवले. आता स्क्रीन पांढरीफटक झाली आणि काकांचे बोट अंतर्धान पावले.

अहो साहेब, स्क्रीन म्हणजे पासबुक नव्हे! पासबुकावर उजेड पाडावा लागतो. स्क्रीन स्वतःचा उजेड घेऊन येते. कॅमेरा बिचारा सरासरी काढणारा हिशेबनीस. खोली झगझगीत असली की स्क्रीन काळवंडते, खोली अंधारी असली की स्क्रीन भडकते. तेव्हा ताळेबंद जुळवायचा. कॅमेऱ्यात दिसणाऱ्या स्क्रीनवर बोट दाबून धरून उजेडाचे माप तिथेच कायम करायचे. मग एकच दिवा, बाजूने, हात स्क्रीनइतकाच उजळ दिसेल एवढ्या अंतरावर. समोरच्याने गडद शर्ट घालायचा. ट्यूबलाइटचे पट्टे सरकू लागले तर शटर सेकंदाच्या ५०व्या भागावर ठेवायचे, कारण आपली वीज ५० हर्ट्‌झची. पट्टे स्क्रीनचेच असतील तर तिची चमक जरा वाढवून पाहायची. कारण पुष्कळ स्क्रीन मंद केल्या की प्रत्यक्षात भराभर उघडझाप करत असतात.

एवढ्याशा गोष्टीसाठी भांडण कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण ज्या काकांना चित्रफितीत बटण दिसत नाही, ते मोबाईल दिसेल त्याच्या हाती देतात, "बाळ, तूच कर रे," म्हणून. ओटीपीसकट! पुढे त्यांचे रिकामे पासबुक छापून द्यायचे काम माझ्या काउंटरवर येते. तेव्हा कितीही ट्यूबलाइट लावल्या तरी मला त्यांच्या तोंडाकडे पाहवत नाही.

शेवटी साहेब रजेवर गेले त्या दिवशी मी एका दिव्यावर चित्रफीत उरकली. ती पाहून काकांनी घरीच दाखला दिला. तरी दुसऱ्या दिवशी काउंटरवर हजर!

म्हणाले, "मोबाईलने मला जिवंत ठरवलंय खरं, पण तुम्ही एकदा मान हलवलीत की बरं वाटेल."