महाडची गाडी ठरवताना



मार्च महिना जवळ आला की आपल्या परळीतील वस्त्यांतून एकच बोलणे ऐकू येते, "यंदा महाडला कोण कोण येणार?" ऊसतोडीला गेलेल्यांचा पट्टा त्याच सुमारास पडतो. माणसे गावाकडे परततात, हातात चार पैसे असतात आणि चवदार तळ्याची ओंजळ एकदा तरी आयुष्यात घ्यावी अशी प्रत्येक उपासक-उपासिकेची इच्छा असते. शिवाय २० मार्च २०२७ हा सत्याग्रहाच्या शताब्दीचा दिवस. त्या वर्षी क्रांतिभूमीवर किती गर्दी होईल आणि गाड्यांचे भाव कोठे जातील, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. म्हणून आज या सदरात गाडी ठरवण्याविषयीच लिहितो. विषय साधा वाटेल. पण परळीसारख्या ठिकाणाहून घाट उतरून कोकणात जायचे, म्हणजे पाच-सहा कुटुंबांची वर्षाची शिल्लक आणि तितक्याच जणांचा जीव एका गाडीत बसवणे आहे.

गाडी ठरवणे ही गोष्ट आपल्या समाजाच्या इतिहासात कधीच साधी नव्हती. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचा भीमराव थोरल्या बंधू व भाच्यासह साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावी निघाला. अंगावर नवे कपडे, डोक्यावर नव्या टोप्या, खिशात भाड्याचे पैसे. मसूर स्टेशनवर ही मुले उतरली आणि जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि बैलगाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर गाडी मिळाली. रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. पैसे असून गाडी नाही, तहान असून पाणी नाही! २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याकडे निघालेली पावले मसूर स्टेशनातूनच निघाली होती, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

पुढे १९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले. ते तेव्हा अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य होते. तरीही त्यांना बसवून टांगा हाकायला टांगेवाले तयार होईनात. वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातलाच एक माणूस हाकायला बसवला. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकलेला नव्हता. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले, घोडा आणि टांगा नदीत पडला. लोकांच्या मनात प्रेम अपार होते. पण प्रेमाने टांगा हाकता येत नाही, त्याला सराईत हात लागतो. हे दोन्ही प्रसंग बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आत्मकथनपर लेखनात सांगून ठेवले आहेत.

तिसरा प्रसंग तर खुद्द महाडच्या वाटेवरचा आहे. डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रह परिषदेसाठी बाबासाहेब मुंबईहून निघाले. धरमतरमार्गे मोटारीने जाण्याचा एक रस्ता होता. पण बसमालकांनी ऐनवेळी बहिष्कार टाकला तर मंडळी वाटेतच अडकून पडतील, हे त्यांनी आधीच ओळखले. म्हणून त्यांनी 'पद्मावती' बोटीने दासगाव बंदराचा मार्ग धरला. दासगावहून महाड अवघे पाच मैल. वाहन मिळाले नाही तर पायी जाता येईल, हा त्यामागचा विचार. परिषदेसाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. एवढ्या मोठ्या क्रांतीच्या आधी बाबासाहेबांनी गाडीवाल्याच्या मर्जीवर अवलंबून राहायचे नाही, हे ठरवले होते. आपण महाडला निघताना हाच धडा गिरवायचा आहे.

आता हिशेबाकडे वळू. परळीहून अंबाजोगाई, केज, बार्शी, टेंभुर्णीमार्गे पुणे आणि पुण्याहून घाट उतरून महाड, हे अंतर मार्गानुसार थोडे कमी-जास्त, सुमारे पाचशे किलोमीटर आहे. जाऊन-येऊन व तेथील फिरणे धरून १,०६० किलोमीटर समजू. गाडीवाले किलोमीटरचा दर सांगतात, पण त्यासोबत दिवसाला किमान तीनशे किलोमीटरची अट बहुधा असतेच. चालकाचा भत्ता वेगळा, टोल आणि पार्किंग वेगळे. निव्वळ उदाहरणासाठी दर १८ रुपये आणि भत्ता दिवसाला ५०० रुपये धरा. तीन दिवसांचा हिशेब असा होतो: १,०६० किलोमीटरचे १९,०८० रुपये, भत्ता १,५०० रुपये, टोल-पार्किंग समजा १,५०० रुपये. एकूण २२,०८० रुपये. सहा जणांत माणशी ३,६८०.

आता यातली मेख पाहा. गाडीवाल्यांचा दिवस बहुधा रात्री बारा ते रात्री बारा असा मोजतात. १९ तारखेच्या पहाटे चारला निघून २१ च्या रात्री अकरापर्यंत परतलात, तर तीन दिवस. पण "रात्रीच निघू, गार वाऱ्यात गाडी पळेल," म्हणून १८ च्या रात्री दहाला निघालात, तर ते दोन तास म्हणजे अख्खा एक दिवस! चार दिवसांचे किमान १,२०० किलोमीटर, त्याचे २१,६०० रुपये, भत्ता २,००० रुपये, टोल-पार्किंग तेच १,५०० रुपये. एकूण २५,१०० रुपये. म्हणजे ३,०२० रुपये जास्त. शिवाय चालकाची झोप मोडली ती वेगळीच. किलोमीटर कोठून मोजणार, आपल्या दारापासून की गाडीच्या गॅरेजपासून, हेही आधी विचारा.

आपल्या बीड जिल्ह्यातील माणसाला तोंडी हिशेब म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. उचल घेताना मुकादम गोड बोलतो आणि हंगाम संपताना त्याच्या वहीत फिटलेली उचलही फिटत नाही. तोंडी हिशेब नेहमी वही ज्याच्या हातात असते त्याच्या बाजूने निघतो. तेव्हा वही आपल्या हातात ठेवा. आमच्या नगरातील सहा महिलांनी मिळून एकदा महाडची गाडी ठरवली. वर्गणीचा हिशेब ज्यांच्याकडे होता त्या ताई जन्मभर कोयता चालवलेल्या, शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या. त्या कागद पुढे करून दर लिहून मागू लागल्या, तसा गाडीवाला हसला, "मावशी, एवढा हिशोब कशाला? मी काय पळून चाललोय?" ताई म्हणाल्या, "भाऊ, माणूस कुठं पळतंय? पळतो तो हिशोब." सही झाली. परतीच्या वाटेवर त्याने "घाटाचे वेगळे लागतात" म्हणून दोन हजार जास्त मागितले. ताईंनी पिशवीतून चिठ्ठी काढली. बोलणे तेथेच संपले.

चिठ्ठी लांबलचक नको. एवढे पुरे:

"गाडी क्रमांक, मालकाचे व चालकाचे नाव आणि फोन. निघण्याची व परतण्याची तारीख आणि वेळ. प्रवासी सहा. मार्ग व थांबण्याची ठिकाणे. किलोमीटरचा दर, दिवसाचे किमान किलोमीटर, चालकाचा भत्ता, टोल-पार्किंग कोणाकडे. किलोमीटर कोठून मोजणार. आगाऊ दिलेली रक्कम व बाकी. गाडी वाटेत बिघडल्यास दुसरी गाडी मालक देईल. याशिवाय जादा रक्कम देणे नाही. दोघांच्या सह्या."

निघताना आणि परतल्यावर किलोमीटरच्या आकड्याचा मोबाईलवर फोटो काढा. आगाऊ रक्कम पाव हिश्श्याहून जास्त देऊ नका आणि तीही फोनवरून पाठवा, म्हणजे नोंद राहते.

आता जिवाची गोष्ट. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली गाडी भाड्याने चालवण्यासाठी असते. पांढऱ्या पाटीची गाडी घरच्या वापराची. पांढऱ्या पाटीवाला दोन-तीन हजार कमी सांगतो आणि आपण भुलतो. पण भाड्याचा परवाना नसलेल्या गाडीला अपघात झाला, तर विमा कंपनी नेमका तोच मुद्दा काढते आणि भरपाईसाठी घरच्यांना वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. ज्या घरात कमावणारा एकच आहे, त्या घराला हे परवडेल का? नोंदणी, परवाना, विमा, फिटनेस आणि चालकाचे लायसन्स पाहायला मागा. एम-परिवहन या सरकारी अॅपवर गाडीचा क्रमांक टाकून घरातील शिकलेली मुलगीसुद्धा हे पाच मिनिटांत तपासू शकते. सात आसनी गाडी म्हणजे चालक धरून सात, प्रवासी सहाच. आणि पिकअप किंवा छोटा हत्ती यांच्या हौद्यात बायका-मुलांना बसवून नेणे तर कटाक्षाने बंद करा. ती मालाची गाडी आहे, आपण माल नाही. "आपलाच पोरगा आहे, चालवील" असे म्हणून नवशिक्याला घाटात बसवू नका. चाळीसगाव आठवा.

पुण्याहून उतरायला दोन वाटा आहेत. एक ताम्हिणी घाटाने माणगाव आणि तेथून मुंबई-गोवा महामार्गाने महाड. दुसरी भोरवरून वरंध घाटाने थेट महाड. वरंधची वाट जवळची, पण अरुंद. पावसाळ्यात दरडींमुळे ती अनेकदा बंद ठेवतात. निघण्यापूर्वी चौकशी करा आणि कोणताही घाट दिवसाउजेडीच उतरा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी बस प्रवाशांसह नदीत गेल्या, हे विसरू नका. भर पावसात हौसेचा प्रवास काढू नये.

पूर्ण गाडी परवडत नसेल तर दासगावसारखी दुसरी वाट काढा. पुण्यापर्यंत एसटीने जा. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट आहे. पुण्यातून एका दिवसासाठी गाडी ठरवा. जाऊन-येऊन सुमारे २८० किलोमीटर होतात, म्हणजे किमान तीनशेचेच पैसे. वरच्याच दराने ५,४०० रुपये आणि भत्ता ५००, एकूण ५,९०० रुपये. सहा जणांत माणशी हजाराच्या आत, टोल वेगळा. माणसे चाळीसच्या आसपास असतील तर एसटी आगारात जाऊन प्रासंगिक कराराची बस मागा. आगाराची पावती मिळते आणि चालकही सराईत असतो.

चालकाविषयी दोन शब्द. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ सालचा होता आणि त्यात कामाचे तास दिवसाला आठ धरले होते. चालक हाही कामगार आहे. त्याला रात्री झोपायला जागा द्या, पंगतीत आपल्या बरोबरीने बसवा. तो कोणत्या जातीचा हे विचारू नका. आपल्याला मसूर स्टेशनवर जे मिळाले नाही, ते आपण दुसऱ्याला द्यायचे, हाच धम्म आहे.

मात्र वस्तीचे नाव ऐकून कोणी गाडी नाकारली किंवा भाव चढवला, तर गप्प बसू नका. सार्वजनिक वाहन वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून अटकाव करणे हा नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ नुसार गुन्हा आहे. पैशाच्या फसवणुकीसाठी ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही. तेथेही पहिला प्रश्न हाच असतो, "कागद आहे का?"

तेव्हा महिला मंडळांनी व तरुण मंडळांनी फेब्रुवारीतच बैठक घ्यावी, वर्गणीची वही उघडावी, दोन-तीन ठिकाणी दर विचारावेत आणि चिठ्ठी लिहून गाडी ठरवावी. चवदार तळ्याचे पाणी माणसाला स्वाभिमान देते हे खरे. पण तो स्वाभिमान महाडला पोहोचल्यावर सुरू होत नाही. आपल्या दारात गाडीवाल्यासमोर कागद ठेवून "येथे सही करा" असे म्हणतो, तेथूनच तो सुरू होतो.

जयभीम!